दिवसाची ओव्हर : वाचकांचे प्रश्न, सिस्टरांची उत्तरं

गेल्या अंकात मी एकच प्रश्न विचारला होता : दिवसभराचं काम संपवून घरी आलात, की झोपेपर्यंत काय करता? पत्रांचा गठ्ठा आला. हुपरीहून, गडहिंग्लजहून, शिरोलीहून आणि कोल्हापूर शहरातल्या पेठांमधून. बहुतेकांनी लिहिलंय, 'काही करत नाही, पडतो.' आणि पुढच्याच ओळीत, 'पण झोप लागत नाही.'

हे सदर ज्यांनी पहिल्यांदाच उघडलंय त्यांच्यासाठी सांगते. मी 34 वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, 2016 साली निवृत्त झाले, मंगळवार पेठेत राहते. इथं सांगते ते वॉर्डात आणि घरात बघितलेलं असतं. औषधं मी या पानावर सांगत नाही, त्यासाठी तुमचे डॉक्टर आहेत.

सिस्टर, मी 41 वर्षांची आहे. एका पतसंस्थेत कॅशियर आहे. साडेपाचला उठते. दोन डबे, सासऱ्यांची गोळी, धाकटीची वेणी, मग नऊ चाळीसची केएमटीची बस. संध्याकाळी सातला घरात पाऊल टाकते ते थेट ओट्यापाशी. कधीकधी पर्ससुद्धा खांद्यालाच असते. तेवढ्यात कुणी काही विचारलं की मी फाडकन बोलते. परवा धाकटी म्हणाली, 'आई, तू ऑफिसातनं आलीस की मला भीती वाटते.' मैत्रिणी सांगतात योग कर, ध्यान कर. अर्धा तास आणू कुठून?
— एक वाचक, कसबा बावडा

तुला तू म्हणते, माझ्या थोरल्या लेकीच्या वयाची आहेस. अर्धा तास आणूच नकोस. चार मिनिटं पुरतात, पण ती घरात शिरतानाच घ्यावी लागतात. सगळं आवरल्यावर घेऊ म्हटलं तर मिळत नाहीत.

माझ्या घरातलं सांगते. 1991 साल. मला लहान मुलांच्या वॉर्डात इव्हनिंग होती, दुपारी दोन ते रात्री आठ. त्या दिवशी पाच वर्षांचं एक पोरगं आमच्या डोळ्यांदेखत गेलं. माझा मुलगाही तेव्हा पाच वर्षांचाच. आठ वाजता नाइटची सिस्टर आली आणि मी तिला ओव्हर दिली. दवाखान्याबाहेरच्यांना हा शब्द ठाऊक नसतो. ओव्हर म्हणजे एकेका खाटेपाशी उभं राहून पुढच्या सिस्टरला सांगायचं : चार नंबर, सलाईन चालू आहे, दहाला इंजेक्शन. सात नंबर, ताप 102, पट्ट्या चालू ठेवा. अकरा नंबरच्या आईनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही, तिच्याकडे बघा. सगळं सांगून झालं की रजिस्टरवर दोघींच्या सह्या. सही झाली की वॉर्ड तुमचा नाही.

मी सही केली आणि घरी आले. मुलानं दुधाचा पेला सांडला आणि मी त्याला मारलं. चापट नव्हे, मारलं. हाताचे वळ उठले पाठीवर.

माझ्या सासूबाई कडक होत्या. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण माझ्या पाठीवरून कधी हात फिरवल्याचं आठवत नाही. त्या उठल्या. मुलाला आधी आजोबांकडे दिलं, मग माझा दंड धरून मला न्हाणीत नेलं. बंबातलं पाणी घंगाळात ओतलं आणि म्हणाल्या, "बस हितं. पाय दे." मी म्हटलं, "आत्या, तुम्ही नको." त्या म्हणाल्या, "गप. मी धुतो."

सुनेचे पाय सासूनं धुवायचे, हे आमच्या घरात कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. त्यांनी धुतले, लुगड्याच्या पदरानं पुसले, आणि मला सोप्यात जमखान्यावर बसवून माझं पाऊल स्वतःच्या गुडघ्यावर घेतलं. तळव्याला बोटभर तूप चोपडलं आणि काशाची वाटी पालथी धरून टाचेपासून बोटांपर्यंत घासायला लागल्या. वाटी आधी गार लागते, मग हळूहळू कोमट होते. आवाज येतो, गव्हाच्या सुपावरून हात फिरवल्यासारखा. एका पायाला दहा मिनिटं गेली असतील. तुपाचा रंग बदलत बदलत करडा झाला, मग काळा. त्यांनी मला तळवा दाखवला, "बघ किती हाय आत." उष्णता बाहेर पडते म्हणून काळं होतं, असं त्या मानायच्या. तो काळेपणा तुपात घासल्या गेलेल्या काशाचा असतो, हे मला माहीत होतं. मी ते त्यांना कधीच सांगितलं नाही. माझ्या आत जे होतं ते त्या वेळी खरंच बाहेर पडत होतं. मी हुंदके देऊन रडत होते आणि त्या घासत होत्या.

शेवटी एवढंच बोलल्या, "दवाखाना पायासंगं घरात येतोय. त्यो भाईरच धुवून टाकायचा."

दुसऱ्या दिवसापासून ती घराची रीत झाली. मी आले की चपला दारात, सरळ न्हाणीत, पाय गुडघ्यापर्यंत धुवायचे, साडी बदलायची, मगच घरात. तोवर माझ्याशी कुणी काही बोलायचं नाही, मुलांनीसुद्धा नाही. पंचवीस वर्षं हे चाललं. मुलगा आज स्वतः बाप आहे, तोही घरी आला की आधी पाय धुतो.

आता तुझं. दाराच्या आत पर्ससाठी एक खिळा ठोकून घे. पर्स तिथं टांगली की ऑफिस तिथं टांगलं. पाय धू. पुसताना पाच श्वास मोजून घे, आत घेताना चार आकडे, सोडताना सहा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडण्याला जास्त वेळ द्यायचा. ऑपरेशनला नेण्याआधी घाबरलेल्या माणसाला आम्ही हेच करायला लावायचो, आणि नाडीवर बोट असलं की फरक बोटाला कळायचा.

आणि ओव्हर दे. तू कॅशियर आहेस, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं समजेल. रोकड जुळली, किल्ली दिली की ती रोकड तुझी नाही. तसंच पाय पुसता पुसता स्वतःशी म्हण : अमक्याचा चेक उद्या, साहेबांना विचारायचं ते उद्या, बोलणी खाल्ली ती झाली. हळू आवाजात का होईना, ओठ हलवून म्हण. नुसतं मनात ठेवलं तर ते फिरत राहतं.

या चार मिनिटांत कुकर मालकांनी लावावा. हे घरात तूच स्पष्ट सांग, आल्या आल्या नव्हे, रविवारी दुपारी सगळे जेवून बसलेले असताना. आणि धाकटीला टॉवेल घेऊन न्हाणीच्या दारात उभं राहायला सांग. तिला तुझी भीती वाटते कारण दारातून कोण आत येणार हे तिला कळत नाही. तिच्या हातातला टॉवेल घेऊन तू बाहेर आलीस की आई आली, हे तिला रोज कळेल.

मी 26 वर्षांची, पुण्याच्या एका कंपनीत आहे पण काम राजारामपुरीतल्या घरूनच. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर असतो. तिथंच काम, तिथंच जेवण, आणि रात्री साडेदहाला बाहेरच्या देशातल्या लोकांबरोबर कॉल. काम संपतं पण संपल्यासारखं वाटत नाही. अंथरुणात पडल्यावर डोक्यात यादी सुरू होते.

तू एखाद्या रात्री नऊच्या सुमारास महाद्वार रोडला जा आणि दुकानं बंद होताना बघ. गल्ला मोजून झाला की आतला दिवा मालवतात, शटर ओढतात, कुलूप लावून ते दोनदा हिसडून बघतात. मग जुना दुकानदार पायरीला हात लावून तो कपाळाला नेतो, आणि मगच वळतो. वळल्यावर तो माणूस वेगळा चालतो, खांदे सैल सोडून. तुझ्या दुकानाला शटरच नाही, ही तुझी अडचण आहे.

त्याच रस्त्याच्या टोकाला अंबाबाईचं देऊळ. पहाटे काकडआरतीनं उठलेल्या देवीची रात्री दहाच्या सुमारास शेजारती होते आणि मग दरवाजे मिटतात. जिच्या दारात दिवसभर रांग असते, तिचाही दिवस रोज कुणीतरी हातानं मिटवतं. शेजारतीला एकदा उभी राहा. दिवसाचा शेवट किती हळू आणि किती नीट करता येतो, ते बघायला मिळेल.

घरी काय करशील? कॉल संपला की लॅपटॉप मिटायचा आणि त्याच्यावर कापड घालायचं. आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा चालेल, शिलाई मशीनवर घालतात तसा. शक्य असेल तर उचलून कपाटात ठेव. जेवणाच्या टेबलावर तो दिसता कामा नये. कॉल रोज साडेदहाला असेल तर जेवण आधी उरकून घे, म्हणजे मिटल्यानंतर झोपेपर्यंतचा वेळ मोकळा राहील.

डोक्यातल्या यादीसाठी साधी दोनशे पानी वही घे. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाचा 2018 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. 57 तरुण माणसांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला लावलं. निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी करून झालेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांनी जास्त बारकाईनं लिहिलं त्यांना आणखी लवकर. वाचलं तेव्हा मला आमचं ओव्हरचं रजिस्टर आठवलं. 'रिपोर्ट बघणे' असं लिहून घरी गेले की मला रात्री जाग यायची. 'सात नंबर, लघवीचा रिपोर्ट, सकाळी आठला लॅबमधून आणणे' असं लिहिलं की यायची नाही. तर तूही कामाचं नाव, माणसाचं नाव आणि वेळ लिही. मोबाईलमध्ये लिहू नकोस. मोबाईल उघडलास की दुकान पुन्हा उघडलं.

तळपायाला कोणतं तेल लावावं? मला दहा वर्षं मधुमेह आहे.
— जयसिंगपूर

घरात असेल ते, खोबरेल किंवा तिळाचं. पण बोटांच्या बेचक्यांत लावू नका, तिथं ओल राहून चिखल्या होतात. काशाची वाटी तुम्ही वापरू नका आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसू नका. मधुमेहात तळव्यांची जाणीव कमी होते, पाणी चटका देण्याइतकं गरम आहे हे पायाला कळत नाही. शेगडीवर पाय शेकून भाजलेले लोक मी वॉर्डात बघितलेत, त्यांना फोड दिसेपर्यंत पत्ता नव्हता. कोमट पाण्यानं धुवा, पाणी आधी घरातल्या दुसऱ्या कुणाला हात घालून बघू द्या, आणि कोरडे पुसून तळवे उजेडात नीट बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. तुमच्यासाठी रोज रात्री हे बघणं हीच रीत. कुठं लाल, काळं, ओलं दिसलं तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर.

सिस्टर, मी शिरोलीला फाउंड्रीत आहे, मोल्डिंगला. आठवड्याआड सेकंड शिफ्ट. अकराला सुटतो, साडेअकराला घराखाली येतो. पण वर जावंसं वाटत नाही. गाडीवर बसून अर्धा-पाऊण तास मोबाईल बघतो. वर गेल्यावर जेवण, पुन्हा मोबाईल, झोपायला दोन-अडीच. मिसेस म्हणते, घरात यायला नको वाटतंय तुम्हाला. तसं नाही हो. दोस्त सांगतात एक क्वार्टर मारली की गप झोप लागते, किंवा गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पी. काय करू?

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गाडीवर बसता ते चुकत नाही. भट्टीची धग, मशीनचा आवाज, वाळू, आठ तास डोळ्यांत तेल घालून काम, आणि तिथून थेट झोपलेल्या घरात. मधे कुठंतरी थांबावं लागतंच, आणि ती जागा तुमची तुम्ही शोधलीत. पायरी बरोबर आहे. पायरीवर मोबाईल घेऊन बसता तेवढं बदला.

दहा मिनिटं बसा, गाडीवरच बसा, पण मोबाईल डिकीत टाकून. हेल्मेट मांडीवर ठेवा. कान मोकळे सोडा. भट्टीजवळून आलेल्या माणसाचे कान बराच वेळ गुणगुणत असतात, तो आवाज उतरायला शांतता लागते. तुमच्या गल्लीत रात्री काय ऐकू येतं, ते मला पुढच्या पत्रात कळवा. (गुणगुण सकाळपर्यंत राहत असेल तर कान तपासून घ्या आणि कंपनीत इयरप्लग मागा, लाजू नका.)

मिसेसना हे आधीच सांगा, म्हणजे खालून गाडीचा आवाज आल्यावर त्यांना कळेल की दहा मिनिटांत तुम्ही वर येताय. त्यांचं दुखणं तुमच्या उशिरापेक्षा न सांगण्याचं आहे.

वर गेल्यावर कोमट पाण्यानं अंघोळ. अंग भाजलंय म्हणून बादलीभर गार पाणी ओतून घेऊ नका, त्यानं माणूस उलट टवटवीत होतो. कोमट पाण्यानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, अंगातली उष्णता बाहेर जाते, आतलं तापमान थोडं उतरतं, आणि शरीर उतरत्या तापमानालाच झोपेकडे झुकतं. पाय धुण्यामागचं कारणही तेच. केसांतली, कानामागची वाळू निघेपर्यंत धुवा, पण कानात काडी घालू नका.

मोठी ट्यूबलाईट लावू नका. एक लहान पिवळा दिवा सेकंड शिफ्टच्या आठवड्यापुरता ठेवा. जेवण हलकं घ्या. रात्री बाराला मटणाचा तांबडा रस्सा नको, तो दुपारी जेवा. भाकरी-भाजी किंवा ताक-भात पुरे. आणि शिफ्टमधला शेवटचा चहा सातच्या आत. चहा-कॉफीतलं कॅफिन पोटात गेल्यावर पाच तासांनीसुद्धा साधारण निम्मं अंगात असतं. साडेनऊच्या चहानं तुम्ही भट्टीपाशी जागे राहता, पण तोच चहा अडीचपर्यंत तुमच्याबरोबर घरी जागतो.

आता क्वार्टर. दारूनं डोळा लवकर लागतो हे खरं आहे, म्हणून दोस्त सांगतात. पण ती उतरायला लागली की झोप तुटते, तीन-चारला तोंड कोरडं पडून जाग येते, छाती धडधडते. मग दुसऱ्या दिवशी त्याच झोपेसाठी थोडी जास्त लागते. अशी सुरुवात केलेले लोक मी पुरुषांच्या वॉर्डात पोट फुगलेले आणि डोळे पिवळे झालेले बघितलेत. त्यांच्यातला एक मला सांगायचा, 'सिस्टर, मी पेताड नव्हतो, मी झोपेसाठी घ्यायचो.' तुम्ही अजून दाराबाहेर आहात. तिथंच राहा.

दुधाचं ऐकून कोल्हापूरकर माझ्यावर रागावतील, पण सांगते. कट्ट्यावर जा, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जरूर जा. म्हशी उभ्या असतात, चरवीत धार पडते, फेस वर येतो, ओळखीचा माणूस पाठीवर थाप मारतो. तिथं नुसतं उभं राहिलं तरी शिणवटा जातो. मात्र कच्च्या दुधातून क्षयाचे आणि ताप आणणारे ब्रुसेला नावाचे जंतू येऊ शकतात, जनावर वरून धडधाकट दिसत असलं तरी. म्हणून दूध घरी आणा, उकळा, आणि कोमट करून प्या. मुलांना आणि गरोदर बाईला कच्चं अजिबात देऊ नका.

मुलं झोपलेली असतील. त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करा आणि मग आडवे व्हा. रोज करा. माझे वडील मिलमध्ये रात्रपाळी करायचे. त्यांचा तो हात मला झोपेत कळायचा.

तुमचं सदर आवडतं, पण राग आला म्हणून लिहिते. दिवा लावा, तेल लावा, वही लिहा. हीसुद्धा कामंच झाली ना? बाईनं दिवसभर राबायचं आणि रात्री शांत होण्याचंही काम करायचं?
— गडहिंग्लज

तुमचा राग बरोबर आहे. वाटी मी माझ्या पायाला घासली नव्हती, ती दुसऱ्या बाईनं घासली, म्हणून मला विसावा मिळाला. तेव्हा यादी करू नका. एकच गोष्ट घ्या, आणि जमलं तर जिच्यात हात दुसऱ्याचा असेल अशी घ्या. कुणी केसांना तेल लावून देणारं असेल तर ते. जेवणानंतर कुणाबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत शतपावली, भांडी तशीच ठेवून. चार दिवस राहून गेलं तर गेलं. ज्या दिवशी ते ओझं वाटेल त्या दिवशी सोडून द्या आणि सरळ झोपा.

मी 71 वर्षांचा, एसटीतून निवृत्त. वर्षापूर्वी सौ. गेली. दिवसभर माझं ठीक चालतं. सकाळी रंकाळ्याला जातो, भाजी आणतो, पेपर वाचतो. पण तिन्हीसांजेला घर खायला उठतं. ती त्या वेळी दिवा लावायची. मुलगा बेंगळुरूला असतो, फोन करतो. टीव्ही मोठ्यानं लावून बसतो, त्यानंही काही होत नाही.
— शिवाजी पेठ

दादा, तुमचं पत्र शेवटी ठेवलं, कारण त्यानंतर मला दुसरं काही लिहिता आलं नसतं.

दिवेलागणीचा तो अर्धा तास तिच्या हातातला होता. दिवा, उदबत्ती, तुळशीपाशी जाऊन येणं, 'शुभं करोति', आणि मग तुम्हाला चहाची हाक. तुमचा दिवस ती मिटवून द्यायची. आता तो कुणी मिटवत नाही, म्हणून उघडाच राहतो. टीव्हीनं ती जागा भरत नाही, कारण टीव्हीला तुमच्या हातांची गरज नसते.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा मी निवृत्त होते, पण एका शाळेतल्या छावणीत मदतीला जात होते. एका वर्गात सात-आठ कुटुंबं, बाकं भिंतीला लावलेली. चिखली भागातल्या एक आजी होत्या, ऐंशीच्या घरातल्या. घर पाण्याखाली, म्हसरांचा पत्ता नाही. वीज नव्हती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मदतीच्या सामानातल्या डब्याचं पत्र्याचं झाकण घेतलं, त्यात खायचं तेल ओतलं, स्वतःच्या लुगड्याची चिंधी फाडून वात केली आणि खिडकीत ठेवून लावली. वर्गात किती आवाज होता, पोरं रडत होती, माणसं फोनवर ओरडून बोलत होती. दिवा लागला आणि एकेक करून लोक वळून बघायला लागले, हात जोडायला लागले. आजी कुणालाही काही बोलल्या नव्हत्या. मी त्यांना विचारलं, घर नाही तर दिवा कुणापुढं? म्हणाल्या, "सांज तर झाली न्हवं?"

दादा, तुमच्याकडेही सांज होते. दिवा तुम्ही लावा. बाईनंच लावायचा असं कुठं नाही. देव मानत असाल तर देवापुढं, नसाल तर तिच्या फोटोपुढं, नाहीतर खिडकीत. वेळ एकच ठेवा. टीव्ही बंद, मोठा दिवा बंद, आणि वात पेटल्यावर दोन मिनिटं तिथंच बसा. तिच्याशी बोलावंसं वाटलं तर मोठ्यानं बोला. आज कोण भेटलं, भाजी काय भावानं आणली. माझे मालक जाऊन सहा वर्षं झाली. मी अजून बोलते, आणि त्यात वेडेपणा काही नाही.

दिवा लावून झाला की घराबाहेर पडा. तुमच्या पेठेत तालीम आहे, कट्टा आहे, कुठंतरी भजन असेल. शुक्रवारी रात्री अंबाबाईची पालखी असते, तिथवर तुम्ही चालत जाऊ शकता. गर्दीत कुणाशी बोलायलाच हवं असं नाही, नुसतं चालायचं. रंकाळ्याची फेरी सकाळऐवजी संध्याकाळी नेऊन बघा, म्हणजे अंधार पडताना तुम्ही चार भिंतींत नसाल. आणि मुलाला सांगा, फोन सातलाच कर, रविवारी दुपारी नको.

आणखी एक विचारते, खरं उत्तर स्वतःला द्या. जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप नाही, कशातच मन लागत नाही, असं सलग दोन आठवडे चाललंय का? जगून काय करायचं असं मनात येतं का? येत असेल तर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, मुलाला सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, 14416 नंबर लावला की कुठल्याही वेळी समुपदेशक मराठीतून बोलतात. दुःखाला औषध नसतं, पण दुःखाच्या आडून आलेल्या आजाराला असतं, आणि तो बरा होतो.

तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय, 'वाती तीच करायची, संपल्या.' बाजारात तयार मिळतात, पण आणू नका, करा. कापसाचा बोराएवढा पुंजका घ्यायचा, सरकीचे कण वेचून टाकायचे. तळहातावर पसरून हलक्या हातानं चपटा करायचा. मग मधोमध चिमटीत धरून वर ओढायचा, म्हणजे खाली फूल राहतं आणि वर शेंडी येते. बोटं दुधात किंचित ओली करून शेंडीला पीळ द्यायचा. निरांजनात ठेवून वरून तूप, आणि शेंडीच्या टोकालाही तूप लावायचं, नाहीतर पेटल्या पेटल्या जळून जाते. पहिल्या पाच-सहा वाकड्या होतील, एखादी आडवी पडेल. त्याही लावा.